वस्त्रांचा अभिरक्षक आणि वस्त्रांची भाषा

वस्तुसंग्रहालयातील निरनिराळ्या अधिकाऱ्यांपैकी ज्याच्या कामाविषयी सुशिक्षित समाजालाही सर्वांत कमी कल्पना असते, असा अधिकारी म्हणजे वस्त्रप्रावरणांच्या विभागाचा अभिरक्षक होय. नाणी सांभाळणाऱ्याला लिपी वाचता यावी लागते, मूर्ती सांभाळणाऱ्याला प्रतिमाशास्त्र ठाऊक असावे लागते, हे कोणास सांगावे लागत नाही. वस्त्रे सांभाळणाऱ्याला मात्र घड्या नीट घालता आल्या आणि कसर लागू दिली नाही म्हणजे पुरे, असा समज सर्रास आढळतो. काही थोडे रसिक याच्या पुढे जातात आणि त्याच्याकडून विणकाम, रंग व नक्षी यांच्या ज्ञानाची अपेक्षा करतात. ती अपेक्षा रास्त आहे. परंतु तेवढ्याने भागत नाही. भारतीय वस्त्रांचा अभिरक्षक हा विणीचा आणि रंगांचा जाणकार असण्याइतकाच भाषेचाही अभ्यासक असला पाहिजे, आणि आपल्या बहुतेक वस्त्रसंग्रहांतील मोठी उणीव पैशाची किंवा कपाटांची नसून शब्दांची आहे, असे माझे मत आहे. ते भाषांच्या अभ्यासासाठी चालणाऱ्या पत्रिकेतच मांडणे योग्य. कारण या उणिवेची निम्मी जबाबदारी भाषेच्या अध्यापकांकडे, म्हणजे आपल्याकडेच येते.

वस्त्र ही वस्तूच मुळी अल्पायुषी. दगड जमिनीत पुरला तरी टिकतो, तांबे गंजले तरी आपला आकार सहसा सोडत नाही. कापूस, रेशीम व लोकर यांच्या नाशाला मात्र दमट हवा, धूळ, कीड आणि माणसाच्या हाताचा घाम यांपैकी काहीही पुरते. या सर्वांत उजेड हा अतिशय सभ्य शत्रू आहे, कारण त्याचे काम चालू असताना ते दिसत नाही. वस्त्रांच्या दालनात ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश नसावा, असा संकेत जगभरच्या संग्रहालयांत पाळला जातो. उजेडाने झालेली हानी साचत जाते आणि पुढे कितीही वर्षे काळोखात ठेवले तरी ती भरून येत नाही. म्हणून उत्तम वस्त्र काही महिने मांडावयाचे आणि नंतर कित्येक वर्षे कोठारात विसाव्याला ठेवावयाचे, असा क्रम ठेवावा लागतो. दालनात अंधार आहे अशी तक्रार करणाऱ्या प्रेक्षकाला कोणी समजावून सांगत नाही की, जेथे अंधार आहे तेथे अभिरक्षक जागा आहे.

घडीचेही तसेच. जरीचे वस्त्र वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवले तर जर नेमकी त्या घडीवर तुटते. म्हणून मोठी वस्त्रे आम्लरहित कागद मध्ये घालून नळ्यांवर गुंडाळून ठेवतात. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका जरीची लुगडी मलमलीच्या फडक्यात बांधीत, ट्रंकेत वेखंडाचे तुकडे टाकीत आणि अधूनमधून घडी मोडून ती निराळ्या जागी घालीत. शास्त्राने त्यात भर घातली आहे, ते खोटे ठरविलेले नाही. काही वस्त्रांचा नाश तर त्यांच्या जन्मातच लिहिलेला असतो. लोखंडाच्या योगाने सिद्ध केलेला काळा रंग कालांतराने स्वतःखालचाच धागा खातो. जुन्या कलमकारीत कधी कधी लाल फूल, निळे पान सारे शाबूत दिसते आणि त्यांच्या काळ्या बाह्यरेषेच्या ठिकाणी मात्र रेषेच्याच आकाराची चीर पडलेली असते. अशा वस्त्रापुढे अभिरक्षक काय करणार? त्याला हा नाश थोडा लांबविता येतो, थांबविता येत नाही. ज्या वस्तूचा तो विश्वस्त आहे ती त्याच्या डोळ्यांदेखत सरत असते. तेव्हा ती सरल्यावर मागे काय उरावे, हा प्रश्न त्याच्या व्यवसायाच्या मुळाशीच आहे. छायाचित्र उरेल, लांबीरुंदी उरेल, इंचातील धाग्यांची मोजणी उरेल. नाव उरेल की नाही, याची शाश्वती आजच देता येत नाही.

आणि हे झाले संग्रहालयाच्या दारापर्यंत पोहोचलेल्या वस्त्रांविषयी. न पोहोचलेल्यांची गोष्ट याहून मोठी आहे. मराठी घरात वस्त्राला फेकून देण्याची रीत नव्हती. लुगडे जुने झाले की त्याचे दोन तुकडे उलटसुलट जोडून दंड घालीत; पुढे त्यातून परकर, झबले, टोपडे, कुंची निघे; त्यानंतर गोधडीचे थर; आणि अखेर पोतेरे. जे एवढ्यातूनही वाचे ते बोहारणीच्या टोपलीत जाई आणि त्याच्या बदल्यात घरात एखादे भांडे येई. भरजरी वस्त्रांची गत याहून वाईट झाली. खऱ्या जरीत चांदी असते, वर सोन्याचा मुलामा असतो. त्यामुळे जुनी पैठणी, जुना शेला, जुना शालू जरीच्या व्यापाऱ्याकडे जाई, तेथे तो जाळला जाई आणि राखेतून धातू काढून घेतला जाई. पैठणीला संग्रहालयाचे कपाट मिळण्याऐवजी मूस मिळाली, असे कित्येक घराण्यांविषयी म्हणता येईल. परिणाम असा की, संग्रहालयांत जे दिसते ते बहुतांशी लग्नाकार्यात चार वेळा नेसलेले, म्हणजे फारसे न वापरलेले वस्त्र होय. शेतात, गिरणीत, घाटावर, कोळ्यांच्या बंदरावर जे नेसले गेले ते नेसून नेसून संपले. त्याचा पुरावा म्हणून आज आपल्याजवळ काय आहे? काही छायाचित्रे, काही चित्रे, आणि शब्द. धाबळी, पासोडी, वाकळ, घोंगडी, बुरणूस, मुंडासे, पटका, बाराबंदी, पंचा, चिरगूट. यातील कित्येक वस्त्रे एखाद्या संग्रहातही नसतील. परंतु मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची आवृत्ती चाळणाऱ्याला अशा शब्दांची वाण पडत नाही. ज्या वर्गाचे कपडे टिकले नाहीत त्या वर्गाचा वेश शब्दांतूनच पुन्हा उभा करावा लागतो. हे काम रसायनशाळेत होणारे नाही.

आता भारतीय वस्त्राचा एक विशेष पाहू. युरोपातील वेशसंग्रहात शिवलेला झगा किंवा कोट असतो. तो पुतळ्याला घातला की अंगावर कसा बसत असेल हे सामान्यतः कळते, कारण शरीराचा आकार शिंप्याच्या कात्रीने त्यात घालूनच ठेवलेला असतो. आपल्याकडे अंगरखा, चोळी, बाराबंदी ही शिवलेली वस्त्रे होतीच. तथापि लुगडे, धोतर, उपरणे, शेला, पागोटे ही मागावरून उतरली की तयार असलेली वस्त्रे. त्यांचा वेश होतो तो नेसण्याने. लुगडे सोडून घडी घातले की वेश नाहीसा होतो, कापड तेवढे राहते. अभिरक्षकाच्या हाती येते ते हे कापड. नेसण ही क्रिया आहे, आणि ती एका पिढीच्या हातांतून दुसऱ्या पिढीच्या हातांत जाते. मध्ये खंड पडला की संपते.

ही गोष्ट एका परकीयाने फार पूर्वी ओळखली होती, आणि तीही आपल्या हिताकरिता नव्हे. लंडनच्या इंडिया म्युझियमशी संबंधित जॉन फोर्ब्स वॉटसन याने १८६६ साली भारतीय कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून प्रसिद्ध केले. अशा २० प्रती तयार झाल्या. १३ ब्रिटनमध्ये राहिल्या आणि ७ हिंदुस्थानात आल्या. उद्देश उघड होता: मँचेस्टर आणि लँकेशायरच्या कारखानदारांनी हे नमुने पाहून येथील बाजाराला चालेल असे कापड काढावे. नमुन्यांसाठी अखंड वस्त्रे कापली गेली, हे आज वाचताना बोचते. परंतु त्याच वर्षी लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्याने विवेचन केले ते पागोटी, लुंग्या, धोतरे, साड्या अशा वापराच्या वर्गांनुसार. काठ कोठे येतो, पदर किती लांब लागतो, वस्त्र अंगावर कसे फिरते, हे ठाऊक नसेल तर येथे कापड खपणार नाही, हे त्या व्यवहारी माणसाला पक्के कळले होते. व्यापाऱ्याला जे कळले ते पुढे आपल्या काचपेट्यांत हरवले. काचपेटीत पदर तेवढा पसरून मांडलेला असतो, बाकीचे सात-साडेसात वार मागे गुंडाळलेले असतात आणि प्रेक्षक त्याकडे चित्र म्हणून पाहून पुढे जातो.

नेसण्याच्या पद्धतींकडे विद्वानांचे लक्ष उशिरा गेले. शांताल बुलांजे या फ्रेंच विदुषीने गावोगाव हिंडून शंभरांहून अधिक पद्धती नोंदविल्या आणि १९९७ साली त्या पुस्तकरूपाने मांडल्या. ऋता कपूर चिश्ती यांच्या २०१०च्या ग्रंथात १०८ पद्धतींचा विचार आहे. कौतुकास्पद कामे आहेत. पण आपल्या भाषेच्या दृष्टीने मला जे खटकते ते असे की, सकच्छ आणि विकच्छ, काष्टा, ओचा, निऱ्या, केळे, दुटांगी अशा शब्दांचा सबंध संसार मराठी घरांत नांदत असता त्याची पद्धतशीर नोंद मराठीच्या एखाद्या विभागाने स्वतःहून हाती घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

वस्त्रावर नेसण्याच्या खुणा असतात, आणि जाणता अभिरक्षक त्या वाचतो. पायाशी येणारा काठ अधिक झिजलेला असतो. निऱ्या खोचल्या जात तेथे घर्षणाचा पट्टा दिसतो. पदराच्या टोकाला पैसे किंवा किल्ली बांधण्याची सवय असेल तर गाठीच्या सुरकुत्या धाग्यात मुरून राहतात. कोठे रफू असतो, कोठे ठिगळ. आणि रफू करणाराचा हात कोणत्या प्रतीचा होता हेही कळते. उत्तर प्रदेशातील नजीबाबादचे रफूगर काश्मिरी शालींवर असे काम करीत आले आहेत की ते शोधण्यासाठी शाल उलटी करावी लागते. आपल्याकडे एके काळी, आणि काही ठिकाणी अद्यापही, संग्रहात आलेले वस्त्र स्वच्छ धुऊन, इस्त्री करून, डाग घालवून ठेवण्याची हौस दिसते. त्या हौसेने हे सारे पुसले जाते. डाग हा पुष्कळदा पुरावा असतो, हे समजण्यासाठी तो डाग कशाचा असू शकेल हे ठाऊक असावे लागते. आणि ते ठाऊक होते वस्त्र कोणत्या प्रसंगी, कोणत्या नावाने नेसले जाई हे कळल्यावर.

येथे आपण नावापाशी येऊन पोहोचतो. ओळखपट्टीवर बहुधा एवढेच लिहिलेले असते: साडी, रेशीम, दख्खन, एकोणिसावे शतक. या चार शब्दांपैकी पहिलाच विवाद्य आहे. त्या शतकातील मराठी बाईने त्या वस्त्राला लुगडे म्हटले असते. ‘नऊवारी साडी’ हा आज रूढ झालेला शब्दप्रयोग तर पाचवारी आल्यानंतरचा. जोवर लुगडे नऊ वारांचेच असते तोवर वार मोजून सांगण्याचे कारण पडत नाही. लुगडे, मग पातळ, मग साडी, या शब्दांच्या बदलात विसाव्या शतकातील मराठी स्त्रीच्या राहणीचा, गिरणीच्या कापडाचा, शाळा-कचेरीचा आणि शहराचा इतिहास आहे. ओळखपट्टीने तो एका फटक्यात सपाट केला. काळ्या रेशमी वस्त्राला ‘काळी साडी’ म्हणणे आणि ‘चंद्रकळा’ म्हणणे यांत फरक केवळ लालित्याचा नाही. काळा रंग एरवी मंगलप्रसंगी वर्ज्य असता संक्रांतीला नव्या सुनेला तीच हौसेने का नेसवितात, हा प्रश्न ‘चंद्रकळा’ या शब्दाबरोबर येतो; ‘काळी साडी’ म्हटल्यावर तो उद्भवतच नाही. तसेच ‘रेशमी धोतर’ अशी नोंद झालेले वस्त्र वस्तुतः मुकटा असेल, तर त्याचे प्रयोजनच त्या नोंदीतून गळाले. मुकटा हे सोवळ्याचे वस्त्र. ते कसे विणले आहे यापेक्षा त्याला कोणी शिवावयाचे नाही, हीच त्याची ओळख. आज अभिरक्षकही ते हातमोजे घालूनच उचलतो; त्याची कारणे निराळी आहेत एवढेच.

हे सर्व नेसणाऱ्यांच्या शब्दांविषयी झाले. विणणाऱ्यांच्या शब्दांचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण त्या शब्दांत कृती दडलेली असते. काशीच्या किनखाबाला आणि जरीकामाला इंग्रजी पद्धतीने सरसकट ‘ब्रोकेड’ म्हटले की काम भागल्यासारखे वाटते. पण काशीचा विणकर ‘कढुआ’ आणि ‘फेकुआ’ असा भेद करतो. कढुआत प्रत्येक बुट्टी स्वतंत्र धाग्याने, जागच्या जागी काढली जाते. फेकुआत नक्षीचा जादा धागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेकला जातो आणि मागे सुटलेले धागे मग कातरतात. श्रम, वेळ, किंमत आणि टिकाऊपणा या चारही बाबतींत दोहोंत मोठे अंतर आहे. ‘नक्शा’, ‘जाला’ आणि ‘नक्शबंद’ हे शब्द तर एका संपूर्ण यंत्रविद्येची नावे आहेत. नक्षीची आज्ञावलीच धाग्यांच्या गाठींत बांधून ती मागावर चढवावयाची, ही ती विद्या. जॅकार्ड आल्यापासून ती मागे हटत गेली. ‘ब्रोकेड’ या शब्दाच्या एकाच चादरीखाली हे सारे झाकून टाकणे म्हणजे ख्याल, धृपद आणि ठुमरी यांना मिळून ‘गाणे’ म्हणण्यासारखे आहे.

‘इकत’ या शब्दाचीही अशीच कथा. बांधणे या अर्थाच्या मलाय धातूपासून आलेला हा शब्द आता पाटणचा पटोळा, ओडिशाचा ‘बांध’ आणि आंध्र-तेलंगणातील तेलिया रुमाल या तिन्हींना सारखाच लावला जातो. तुलनात्मक अभ्यासाला तो सोयीचा आहे, हे मान्य. परंतु ‘तेलिया’ हे नाव पहा. सूत रंगविण्यापूर्वी त्यावर तेल आणि राख यांचा संस्कार करतात, म्हणून ते तेलिया. नावातच कृती सांगितलेली आहे. ते नाव नोंदवहीतून उडाले की ती कृती प्रयोगशाळेत पुन्हा शोधून काढावी लागेल, आणि ज्याच्या आजोबांनी तो शब्द दिला तो विणकर शेजारच्याच जिल्ह्यात राहत असेल. गंमत अशी की, इंग्रजांनी आपले शब्द उचलताना अनमान केले नाही. त्यांचे ‘चिंट्झ’ म्हणजे आपली छीट, ‘बँडाना’ म्हणजे बांधणू, आणि ‘डंगरी’ तर मुंबईच्या डोंगरीवरून गेलेली. आपणच ते शब्द परदेशी वेश घालून परत आणतो आणि पट्टीवर छीट न लिहिता चिंट्झ लिहितो.

मराठी नेसणीच्या वस्त्रांची भाषा केवळ मराठी आहे, असेही समजण्याचे कारण नाही. इरकल हे आमच्या कृष्णाकाठच्या बायकांचे अगदी आपले लुगडे; पण ते विणले जाते कर्नाटकातील इळकल येथे, आणि त्याच्या लाल-पांढऱ्या पदराचे ‘टोपे तेणी’ हे नाव कानडी आहे. अंगाचे आणि पदराचे उभे धागे निरनिराळे लावून ते ज्या फाशांनी जोडतात त्या जोडकामाचा शब्दही तेथलाच. चोळीचा खण गुळेदगुड्डचा. ओटीतील खण-नारळ मात्र मराठी. मराठी येत असून कानडी न येणाऱ्या अभिरक्षकाला इरकलीचे निम्मे चरित्र कळेल, आणि कानडी येऊन मराठी न येणाऱ्याला उरलेले निम्मे.

या म्हणण्याचे सर्वांत बोलके उदाहरण तंजावरचे आहे. कुंभकोणमजवळच्या कोडाली करुप्पूर या गावी तंजावरच्या मराठा राजघराण्यासाठी एक विलक्षण वस्त्र तयार होत असे. तलम सुती कापडात जामदानीच्या रीतीने जर विणून घ्यावयाची, आणि मग त्या विणलेल्या वस्त्रावर मेण व कलम यांच्या साहाय्याने रंगकाम करावयाचे. असे की गर्द तांबड्या रंगातून सोने नक्षीच्या आकारात डोकावत राहावे. विणकर आणि रंगारी या दोघांच्या कलेची अशी सांगड अन्यत्र क्वचितच पडली असेल. साड्या, धोतरे, पागोटी या रीतीने होत. १८५५ साली राज्य खालसा झाले, आणि राजाश्रय संपल्यावर ही कला फार काळ तगली नाही. आज तिचे जे थोडे नमुने आहेत ते अहमदाबादचे कॅलिको वस्त्रसंग्रहालय, चेन्नईचे सरकारी संग्रहालय, लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम अशा ठिकाणी विखुरलेले आहेत. आता एखाद्या अभिरक्षकाने या वस्त्राचा समग्र अभ्यास करावयाचे मनात आणले तर त्याला कोणत्या भाषा लागतील? विणकामाच्या गावाची भाषा तमिळ. दरबारात तेलुगूचा मोठा मान. आणि राज्याचा कारभार मराठीत, मोडी लिपीत. तंजावरचे मोडी कागद मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. तेथील तमिळ विद्यापीठाने त्यांतील पुष्कळांचे तमिळ भाषांतरही प्रसिद्ध केले आहे. दरबारासाठी तयार झालेल्या वस्त्राचा हिशेब जर कोठे सापडावयाचा असेल तर तो अशा कागदांतच. म्हणजे तमिळनाडूतील एका खेड्याच्या मागावर निघालेल्या आणि लंडनच्या कोठारात असलेल्या वस्त्राची किल्ली मोडी वाचणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या हातात आहे, आणि त्याला त्याचा पत्ता नाही. इकडे अभिरक्षकालाही असा विद्यार्थी कोठे भेटेल हे माहीत नसते.

पूर्वसूरींकडे पाहिले तर असे दिसते की, ज्यांनी या क्षेत्रात मूलगामी काम केले ते बहुतेक भाषेच्या वाटेने आले. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे संचालक डॉ. मोतीचंद्र यांनी प्राचीन भारतीय वेशभूषेवरील आपला ग्रंथ हिंदीत लिहिला आणि त्यात शिल्पांबरोबरच संस्कृत, पाली व प्राकृत वाङ्मयातील वस्त्रवाचक शब्दांचा कीस काढला. जैन साधूंनी कोणते वस्त्र घ्यावे आणि कोणते घेऊ नये, याविषयीचे नियम वस्त्रांच्या इतिहासाला इतके उपयोगी पडतील, हे दुसऱ्या कोणाला सुचले असते असे वाटत नाही. डॉ. गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेशभूषेवरील ग्रंथ १९५१चा. समाजशास्त्रज्ञाच्या त्या ग्रंथामागे संस्कृताची बैठक स्पष्ट दिसते. पुण्याच्या केळकर संग्रहालयाचे संस्थापक दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, हा योगायोग मी समजत नाही. घराघरांतून वस्तू मागून आणणाऱ्या माणसाला त्या वस्तूचे घरातले नाव ठाऊक असावे लागते. नाहीतर ती मागणार कशी? शिवाय साधनांचीही वाण नाही. सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त वस्त्रोपभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. ज्योतिरीश्वर ठाकुरांच्या मैथिली ‘वर्णरत्नाकरा’त वस्त्रांच्या याद्याच्या याद्या आहेत. महानुभावांचे गद्य आणि पेशवे दप्तरातील हिशेबी कागद यांतील वस्त्रनामे एकत्र केली तर तेवढ्याचाच एक लहानसा कोश होईल.

या मतावर आक्षेप येतील, आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पहिला असा की, संग्रहालयाच्या सूचीला एक समान परिभाषा लागते; प्रत्येक संग्रहाने आपापल्या बोलीतील शब्द वापरले तर दिल्लीतील सूची गुवाहाटीस कळणार नाही. हे खरे आहे, म्हणून समान परिभाषा असू द्यावी. माझे म्हणणे तिच्या जोडीला मूळ शब्द, त्याच्या लिपीत, असावा एवढेच. रोमन लिपीत उतरविलेल्या शब्दात ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’ यांचा पत्ता लागत नाही, आणि पुढचा वाचक भलताच शब्द उभा करतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शब्द फसवे असतात. बनारसी म्हणून विकला जाणारा शालू काशीचा असेलच असे नाही, पैठणी पैठणइतकीच येवल्याची, आणि यंत्रमागावरील नक्कलही त्याच नावाने खपते. एकाच शब्दाचा अर्थ घाटाखाली एक आणि घाटावर दुसरा. पण भाषेच्या अभ्यासकाला यात नवे काय आहे? अर्थ सरकतात, नावे विकली जातात, प्रतिष्ठेचा शब्द हलक्या वस्तूला चिकटतो. याच गोष्टींचा अभ्यास आपण आयुष्यभर करतो. शब्दाबरोबर तो कोणी, कोठे, कोणत्या साली उच्चारला हे लिहून ठेवले की फसवा शब्दही पुरावा होतो. वस्त्राचा नमुना फसवा असू शकतो म्हणून कोणी नमुने गोळा करण्याचे थांबविलेले नाही.

तिसरे एक म्हणणे कानावर येते की, आता सर्व नोंदी संगणकावर येत आहेत, तेव्हा ही उणीव आपोआप भरून निघेल. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने संग्रहालयांसाठी सिद्ध केलेल्या प्रणालीचे ‘जतन’ हे नाव सुरेख आहे. परंतु संगणकात तेच जाते जे नोंदवहीत असते. नोंदवहीत ‘साडी, रेशीम, दख्खन’ एवढेच असेल तर तेच तीन शब्द आता सर्व जगाला घरबसल्या वाचता येतील. भर काही पडणार नाही.

म्हणून दोन्हीकडून काही करावयास हवे. संग्रहालयशास्त्राचे अध्यापन बडोद्याच्या विद्यापीठात १९५२पासून होत आहे, काशी हिंदू विद्यापीठात होते, दिल्लीत होते. तेथून वस्त्रविभागाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला धागा ओळखणे, रंग तपासणे, घडी घालणे हे शिकविले जाते. त्याला एका भारतीय भाषेचे, ती ज्या प्रदेशाच्या वस्त्रांवर काम करणार त्या प्रदेशाच्या भाषेचे, कागदपत्रे वाचता येण्याइतके ज्ञान सक्तीचे करावे. नोंदवहीत चार रकाने वाढवावे: विणणाऱ्याचा शब्द, विकणाऱ्याचा शब्द, नेसणाऱ्याचा शब्द, आणि हे शब्द कोणाकडून व केव्हा मिळाले. दान म्हणून वस्त्र स्वीकारताना दात्याला वस्त्राबरोबर एक प्रश्नावली द्यावी. आणि दात्यापेक्षा त्याच्या घरातील वृद्ध बाईशी बोलावे, कारण ते लुगडे तिने किंवा तिच्या सासूने नेसलेले असते. तिला ते नेसवून दाखविण्यास सांगावे आणि त्याचे चित्रण ठेवावे. वस्त्राच्या मूल्यांकनासाठी लागणाऱ्या कालावधीपेक्षा याला अधिक वेळ लागत नाही.

आपल्या बाजूचे काम याहून सोपे आहे. काव्यातील प्रतिमासृष्टीवर प्रबंध लिहविण्याची आपली हौस अजून फिटलेली नाही. त्यांतील एखादा विषय बाजूला ठेवून मोडी कागदांतील वस्त्रनामे, मराठी ओव्यांतील लुगड्यांची वर्णने, सोलापूरच्या पद्मसाळी विणकरांच्या घरांतील तेलुगू-मराठी मिश्र परिभाषा, महेश्वरच्या मागांवरील निमाडी आणि होळकरशाही मराठी यांचा संबंध, असे विषय विद्यार्थ्यांना देता येतील. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी विभागांना तर ही संधी अधिक आहे. काशी, दिल्ली, बडोदे, हैदराबाद, तंजावर येथे मराठी ही शेजारच्या भाषांत मिसळूनच राहिली आहे, आणि वस्त्रांचे शब्द नेमके अशाच ठिकाणी हात बदलतात. काशी हिंदू विद्यापीठाच्या आवारातच भारत कला भवनाचा संग्रह आहे. राय कृष्णदासांनी जमविलेल्या तेथील काशीच्या वस्त्रांपर्यंत जाण्यास भाषाविभागाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाचे फाटकही ओलांडावे लागत नाही.

कामास उशीर मात्र परवडणारा नाही. ज्यांनी रोज लुगडे नेसले अशा बायका आता ऐंशीच्या घरात आहेत. नक्शा बांधणारे हात मोजके उरले आहेत. प्रत्येक विभागाने यंदाच्या पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थी जरी या कामी दिले, तरी जवळच्या संग्रहालयातील लुगड्यांच्या एका कपाटाची फेरनोंद वर्षअखेरपर्यंत पुरी होऊ शकेल.